बिनाकार्ड विजूदादा

नलूवहिनींचा फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. "मंगल, हे दूध घेऊन आले, खुर्चीत बसले... आणि आता बोलत नाहीयेत गं." आवाज इतका साधा होता, की मी आधी म्हटलं, "रागावलाय का?" आयुष्यभर सवयच ती. विजूदादाचं काहीही असलं की पहिल्यांदा गंमतच सुचायची. आम्ही इंदूरहून राऊला, त्याच्या घरी पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते.

घरात असं काही झालं की नातेवाइकांना कळवण्याचं काम माझ्याकडे येतं. सगळ्यांचे नंबर माझ्याकडे, आणि तोंडही माझंच. पहिला फोन बेटम्याच्या सुधाकरकाकांना लावला. दूरचे काका, वय झालेलं, ऐकायला कमी, म्हणून स्पीकर चालू केला. "काका, विजय गेला हो." "कोण विजय?" "राऊचा विजय. कुसुममावशीचा." "कौन कुसुम? जरा जोर से बोल." मी जोरात बोलले, त्याचं ऑफिस सांगितलं, आडनाव सांगितलं, तरी काकांना उमजेना. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "काका... बिनाकार्ड." आणि स्पीकरमधून खोलीभर आवाज आला, "अरे राम राम! बिनाकार्ड गेला?"

समोर वहिनी बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पदराशी चाळा करायला लागल्या. मी स्पीकर बंद केला. पण आता बंद करून काय उपयोग होता?

हे नाव मीच ठेवलेलं. बारसं माझं, प्रचारही माझा. आमच्या घराण्यात गोष्टी सांगणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे. लग्न असो, मुंज असो, जेवणं झाली की सतरंजीवर मला मध्ये बसवतात, "हां मंगल, होऊन जाऊ दे." आणि मी सुरू होते. माझ्या गोष्टींत सगळ्यांत जास्त चाललेली गोष्ट विजूदादाच्या कॅमेऱ्याची.

विजूदादा माझा मावसभाऊ, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, विमा कंपनीच्या ऑफिसात कारकून. पन्नाशी जवळ आल्यावर त्याने कॅमेरा घ्यायचं काढलं. मोबाइल नाही, तो लेन्सवाला, डीएसएलआर. दुकानदाराने समोर तीन ठेवले. एक नवशिक्यांचा, एक लग्नवाल्या फोटोग्राफरांचा आणि एक मधला. दादाने मधला उचलला. जन्मभर त्याने मधलंच घेतलं, गाडीत बर्थसुद्धा मधला. घरी आल्यावर त्याने कॅमेऱ्याबरोबरचं पुस्तक पोथीसारखं रोज थोडं थोडं वाचलं. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते असं कुणीतरी सांगितलं, तर नव्या बुटांच्या खोक्यांतून, पाण्याच्या बाटल्यांतून त्या ओल शोषणाऱ्या रेतीच्या पुड्या गोळा करायला लागला. आमच्याकडे कुणी बूट घेतले की फोन यायचा, "मंगल, ती पुडी फेकू नको हां, मला लागते."

आणि त्या कॅमेऱ्याने त्याला किती छळावं! मंगल कार्यालयात उजेड कमी, की लेन्स घर्र घर्र करत पुढेमागे फिरायची, फोकस काही सापडायचा नाही. नवरा-नवरी हसून हसून दमायची. "दादा, हो गया क्या?" "एक मिनिट, शोधून राहिलाय तो." मध्येच वरचा फ्लॅश स्वतःहून टपकन उठायचा आणि पहिल्या रांगेतल्या आजी दचकायच्या. चष्मा लावून त्या छोट्या खिडकीत डोळा नीट लागायचा नाही, म्हणून चष्मा कपाळावर, आणि मग मागच्या पडद्यावरचं वाचता यायचं नाही. सगळ्यांना फोटो तिथल्या तिथे हवे असायचे. तो म्हणायचा, घरी जाऊन लॅपटॉपवर बघतो, निवडतो, मग देतो. तोवर बाकीच्यांचे मोबाइलवरचे ग्रुपवर टाकूनही झालेले असायचे, आणि लोकांनी त्याखाली फुलंही वाहिलेली असायची. दादाचे फोटो आठवड्याने यायचे. ते सुंदर असायचे, पण तोवर बघणार कोण?

आता ती गोष्ट. परदेशीपुऱ्यात प्रमोदच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या मुलाची मुंज होती. दादाने आदल्या दिवशी जागा रिकामी करायची म्हणून कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, आणि ते तिथेच राहिलं. आता कुणी म्हणेल, कार्ड नसताना कॅमेरा चालतोच कसा? तर हा चालायचा. खटॅक आवाज यायचा, काढलेला फोटो मागच्या पडद्यावर क्षणभर दिसायचा, आणि गुप्त व्हायचा. कोपऱ्यात बारीक 'डेमो' असं यायचं म्हणे. चष्मा कपाळावर असलेल्या माणसाला ते दिसणार कसं? सकाळपासून त्याने मातृभोजन काढलं, बटूचं मुंडण काढलं, भिक्षावळ काढली.

माझ्या गोष्टीत हे असं साधं नसायचं. माझ्या गोष्टीत दादा न्हाव्याला "भिया, वस्तरा जरा इकडून चलाओ, उजेड इकडे आहे" असं सांगायचा. गुरुजींकडून एक मंत्र तीनदा म्हणवून घ्यायचा, का तर फोकस लागला नाही. आत्याबाईंना भिक्षा वाढल्यावर परत उचलून पुन्हा वाढायला लावायचा. यातलं काही झालं नव्हतं. आणि मग पंगत बसते, श्रीखंड वाढलं जातं, दादा ऐटीत कॅमेऱ्याची कार्डाची खिडकी उघडतो, आणि आत... ठणठणगोपाळ! इथे मी थांबायची. लोक गडगडून हसायचे. हशा उतरायला लागला की मी सावकाश शेवटचा वार करायची, "तेव्हापासून आमचा विजूदादा, बिनाकार्ड!" आमच्या इंदूरला लग्नाच्या पत्रिकेलाही कार्डच म्हणतात. त्यामुळे नाव दुहेरी चिकटलं. दादा कॅमेरा घेऊन सगळ्यांच्या कार्यांना जायचाच, त्याला वेगळं बोलावणं कशाला? 'बिनाकार्ड' आहे, बिनाकार्ड येईल.

गोष्ट चालू असताना दादा तिथेच बसलेला असायचा. हसायचा तोही. पुढे पुढे तर कार्याला आला की आधी कॅमेऱ्याची खिडकी उघडून यजमानांना आतलं कार्ड दाखवायचा, "बघून घ्या बुवा, नंतर तक्रार नको." पोरंटोरं हात पुढे करून म्हणायची, "कार्ड दाखवा, कार्ड दाखवा!" मला वाटायचं, किती खिलाडू आहे. खिलाडू माणसाची एक सोय असते, त्याला लागलं का हे विचारावं लागत नाही.

माझ्या मुलाच्या लग्नात आम्ही फोटोला कंपनी लावली. वर उडणारा ड्रोन, खाली चार माणसं, सगळी काळ्या शर्टात. पत्रिका वाटायच्या दिवसांत आमचे हे म्हणाले, "विजूकडे कधी जायचं राऊला?" मी म्हटलं, "त्याला काय कार्ड द्यायचं? तो तर..." पुढचं मी बोललेच नाही, आम्ही दोघंही हसलो. फोनही केला नाही. लग्नाला दादा आला. इस्त्रीचा झब्बा, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. एकटाच आला. "वहिनी?" "डोकं दुखतंय तिचं." मी पण, "असं का, काळजी घ्या म्हणावं," म्हणून पुढच्या पाहुण्यांकडे वळले. डोकं का दुखतंय हे न कळण्याइतकी मी मूर्ख नव्हते, वरमाई होते. स्टेजपाशी त्याने बॅगेची चेन उघडलेली मी पाहिली. काळ्या शर्टातला एकजण म्हणाला, "अंकलजी, फ्रेम में आ रहे हो, थोड़ा साइड में." दादा बाजूला झाला, चेन लावली, आणि अक्षता टाकून, जेवून, मुलांना आशीर्वाद देऊन गेला. त्या लग्नाचे सगळे फोटो झकास आलेत. मी ते बघत नाही.

तर तेराव्याला सगळे राऊला जमलो. जेवणं झाली. पुण्याहून आलेली शर्वरी, दादाची एकुलती एक मुलगी, माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आत्या, ती मुंजीची गोष्ट सांग ना. मी तेव्हा होस्टेलला होते. सगळ्यांना माहीतेय, मलाच नीट माहीत नाही. बाबांना विचारलं की ते म्हणायचे, मंगलकडून ऐक, ती मस्त सांगते."

मंगलकडून ऐक. असं म्हणायचा तो...

बाकीचेही सरकून बसले. अशा दिवशी थोडं हसू सगळ्यांनाच हवं असतं. प्रमोद तर आधीच हसायला लागला होता, "वो न्हावीवाला सांग, न्हावीवाला!" वहिनी दाराशी भांडी आवरत होत्या. मी सवयीने सुरुवात केली. गुरुजी, न्हावी, आत्याबाई, सगळे आपापल्या जागी आले. शर्वरी हसत होती, डोळे पुसत होती. पंगत बसली, श्रीखंड वाढलं, आणि मी त्या ठरलेल्या जागी आले, जिथे खिडकी उघडते. हशा झाला. मी थांबले. पण गोष्ट तिथे संपते हे शर्वरीला माहीत नव्हतं. तिने निरागसपणे विचारलं, "मग? मग बाबांनी काय केलं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मग काय केलं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "तो पानावरून उठला. श्रीखंडाला हात लावला नाही. खाली जाऊन स्कूटरवर बसला, एकटाच. प्रमोदची बायको त्याला बोलवायला गेली तर तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, तुझं मातृभोजन मी घालवलं." शर्वरीचं हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं होतं. मी पुढे सांगत गेले. दुसऱ्या दिवसापासून ऑफिस सुटलं की दादा स्कूटर काढायचा आणि मुंजीला आलेल्या एकेका घरी जायचा. परदेशीपुरा, राऊ, एकदा तर थेट बेटमा. ज्याच्या ज्याच्या मोबाइलमध्ये जे काही असेल ते वायर लावून लॅपटॉपवर घ्यायचा. लोक म्हणायचे, अहो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो ना. तो म्हणायचा, नको, तसं पाठवला की फोटोचा जीव जातो. मातृभोजनाचा एकच सापडला, वाढायला आलेल्या एका बाईंच्या मोबाइलमध्ये. हललेला, पुढे अर्धा डाव आलेला, पण डावाच्या मागे मुलाला घास भरवणारी आई दिसते, तिच्या गालावरचं पाणी दिसतं. दादाने महिनाभर बसून तो सगळा अल्बम केला आणि एका रविवारी प्रमोदकडे नेऊन दिला. तेव्हा मी तिथेच होते, पोहे खायला गेलेली. अल्बम पहिल्यांदा माझ्याच मांडीवर उघडला गेला.

"हो," प्रमोद एकदम म्हणाला, "आहे की तो. कपाटात आहे."

कुणी हसलं नाही. गोष्ट सांगणारीला हशा न येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पण खरं कारण तेच तर होतं. हा भाग घेतला की हशा पडायचा बंद होतो, म्हणून मी तो कधी घेतलाच नाही. विसरले नव्हते. गोष्ट कुठे तोडायची ते मला चांगलं कळतं, लोक त्याचंच तर कौतुक करतात.

वहिनी भांडी तशीच ठेवून आत आल्या. "हे तुला माहीत होतं?"

"हो वहिनी."

"सगळं?"

"सगळं."

"मला वाटायचं, तुला अर्धंच माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून मी काही बोलले नाही गं कधी."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिथेही पहिल्यांदा काहीतरी विनोदीच जुळायला लागलं, म्हणून तोंड मिटून घेतलं. लोक चपला शोधायला लागले. मीही पर्स उचलली.

तेवढ्यात वहिनी आतून कॅमेरा घेऊन आल्या. "शर्वरी उद्या निघते आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या दोघींचा एक काढ." मी म्हटलं, "वहिनी, मला हा येत नाही हो. मोबाइलवर काढते ना." "यातच काढ. शर्वरी सांगेल कुठे दाबायचं ते." त्यांनी पट्टा माझ्या गळ्यात घातला. त्याची आतली बाजू मानेपाशी झिजून गुळगुळीत झाली होती, घामाने कडेचा रंग उडाला होता. हा त्याच्या मानेचा घाम, एवढंच मनात आलं. आणि कॅमेरा जड होता. मी तो याआधी कधी हातातसुद्धा धरला नव्हता. इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. त्या वजनाने मान खाली गेली ती गेलीच. मला त्याची बटणं दिसत होती, अक्षरं पुसट झालेली चकती दिसत होती, माझ्या पायाची बोटं दिसत होती. भिंतीशी दोघी मायलेकी कधीच्या उभ्या राहिल्या होत्या.

"अगं वर बघ ना मंगल," वहिनी म्हणाल्या. "असा कसा फोटो निघेल?"