केबलवर ढकललेली चूक

परवा नातीने इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या फ्लॅटवर एक छोटा सर्किट बोर्ड कंप्युटरला जोडला. पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. "आज्जी, केबलच भिकार आहे!" ती म्हणाली, आणि मला माझीच शिसारी आली. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मीही हेच बरळले होते.

तिथे वजनकाटे बनत. काट्यावरचा आकडा तारेतून कंप्युटरवर नीट पोचतो का, हे मी तपासायची. डिप्लोमा ताजा, साडीला कडक इस्त्री. अक्कल बहुधा त्याच इस्त्रीखाली जळालेली. एके दिवशी एका काट्याचा आकडा येईना, पडद्यावर असाच अगम्य चिन्हांचा कचरा यायला लागला. केबलचं सोल्डरिंग करणाऱ्या अक्काला मी चार वेळा तेच टोक उसवायला लावलं. पाचव्या वेळी ती म्हणाली, "मॅडम, स्वल्प ऐका. दोन किलो ठेवलं की दरवेळी हाच कचरा येतोय. तार सुटी असती तर कचरापण बदलला असता की."

"तू सोल्डर कर. मला शिकवू नकोस."

शी! आईच्या वयाच्या बाईला 'तू'! शिवाय साहेबांकडे चिठ्ठी पाठवली: हिचं काम निकृष्ट, हिला इथून हलवा.

अक्का जेवायला गेल्यावर मी चोरासारखं कंप्युटरचं सेटिंग उघडलं. काटा आणि कंप्युटर यांच्यात सामाईक घड्याळ नसतं. गप्प तारेवर आधी स्टार्ट बिट येतो, म्हणजे 'ऐक, सुरू करतोय'. तिथून ऐकणाऱ्याने आपल्या वेगाने बिट मोजायचे, शेवटी स्टॉप बिट, म्हणजे 'संपलं'. म्हणून वेग दोघांनी आधीच ठरवलेला हवा. काटा सेकंदाला ४८०० बिट पाठवत होता, माझा कंप्युटर ९६०० धरून मोजत होता. आदल्या दिवशी दुसऱ्या मॉडेलसाठी तो वेग मीच बदलला होता, परत लावायला विसरले होते.

वेग जुळवला. पडद्यावर दोन किलो, लख्ख.

आणि रजिस्टरात या शहाणीने काय लिहिलं? 'केबल दुरुस्त.' किळस येते, पण अक्षर मात्र सुरेख होतं हो!

"आलं काय? सरी, बरं झालं," परत आलेली अक्का हसली. चिठ्ठी मागे घ्यायची तर कारण सांगावं लागलं असतं. मी घेतली नाही. आठवड्याभरात तिच्या हातातली सोल्डरची काडी गेली, ती पॅकिंगला.

खोक्यांना पट्ट्या चिकटवताना ती मला विचारायची, "मॅडम, केबल बरी चालतीय न्हवं?"

मी म्हणायची, "हो."