नेटचा डबा इन्व्हर्टरवर नव्हता

उमरग्यातल्या घरी इन्व्हर्टर बसवताना वायरमनने विचारलं, कोणकोणते पॉइंट घ्यायचे? मी पंखे, स्वयंपाकघरातला दिवा आणि सर्व्हर सांगितला. दाराजवळच्या भिंतीवरचा नेटचा डबा, म्हणजे राउटर, सांगायचा राहिला.

सर्व्हर म्हणजे जुना संगणक आणि त्याला जोडलेल्या हार्ड डिस्क. भावकीतल्या लग्नांच्या कॅसेट मी त्यात उतरवल्या होत्या. डिस्क भरल्या तेव्हा क्लाउडवर जागा घेतली आणि ती सर्व्हरवरच्या एका रिकाम्या फोल्डरला जोडली. याला माउंट करणं म्हणतात. जोडणी असेल तर फोल्डरात टाकलेलं क्लाउडवर जातं. नसेल तर ते सर्व्हरच्याच छोट्या डिस्कवर पडतं. हे मला नंतर कळलं.

एका दुपारी लाइट गेली. सर्व्हर अडकला होता, म्हणून मी तो बंद करून पुन्हा सुरू केला. नेट नसल्यामुळे जोडणी झाली नाही. ती झाली आहे असं धरून मी एका जुन्या डिस्कवरच्या फाइलची त्या फोल्डरात कॉपी लावली. संध्याकाळी लाइट आली, जोडणी आपोआप झाली. पडद्यावर शेवटी दोन ओळी होत्या. वर्तमानपत्रात असताना दुसऱ्यांच्या ओळी तपासणं हेच माझं काम होतं. या ओळी न वाचता मी ती जुनी डिस्क पुसली आणि तिच्यावर नवीन कॅसेट उतरवायला घेतल्या.

महिन्याभराने वहिनी आल्या. पुतणीचं लग्न आठ दिवसांवर होतं.

"भावजी, तिला तेवढा उखाणा ऐकवा. बापाचा आवाज तिला आठवतच न्हाय."

दादा गेला तेव्हा पुतणी दीड वर्षाची होती. त्याच्या लग्नाच्या कॅसेटवर शूटिंगवाल्याने सगळीकडे सिनेमाची गाणी टाकली होती. मूळ आवाज फक्त उखाण्यापुरता ठेवला होता. कॅसेटला बुरशी लागली, म्हणून उतरवून झाल्यावर ती मीच टाकून दिली होती.

क्लाउडवर फाइल नव्हती. पुसलेली डिस्क घेऊन सोलापूरला गेलेल्या फाइल काढून देणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "हिच्यावर दुसरं लिहिलंय साहेब. आता काय निघत न्हाय." चार दिवस मी वहिनींचा फोन उचलला नाही.

पाचव्या दिवशी एका ओळखीच्या इंजिनिअरला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "ती जोडणी सोडून त्याच फोल्डरात बघितलं का? वर क्लाउड बसलाय, खालचं दिसणार कसं?"

जोडणी सोडली. फोल्डरात फाइल होत्या. छोटी डिस्क भरल्यामुळे कॉपी थांबली होती, त्या दोन ओळींत हेच लिहिलेलं होतं, आणि शेवटची फाइल दादाच्या लग्नाची होती. ती अर्धवट होती.

वहिनी आणि पुतणी टीव्हीसमोर बसल्या. हळद, अक्षता, पंगत, सगळं गाण्यांवर. मग गाणं बंद झालं. दादाच्या हातात जिलबीचा घास होता. बायका ओरडत होत्या, "नाव घ्या, मगच घास!" दादाने घसा खाकरला, "थांबा की ओ" म्हणाला आणि हसला. तिथे चित्र थांबलं.

मी म्हणालो, "वहिनी, पुढचं गेलं. माझ्या हातून गेलं."

पुतणीने विचारलं, "आई, असंच बोलायचे का?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "भावजी, परत लावा."

मी परत लावलं.