बोललं ते लिहिणारे सार

"आधी लिही. समजेल मागाहून." असं म्हणत सार बोटांच्या पेरांनी टेबल ठोकायचे आणि त्या ठेक्यावर मजकूर सांगायला लागायचे. समोरच्या मुलांना शॉर्टहँडच्या जेमतेम चार रेघा येत असायच्या.

तंजावूरच्या आमच्या कॉलेजात ते शॉर्टहँड शिकवत, शेजारच्या वर्गात मी कॉमर्स. मुलं त्यांना 'सर'च्या ऐवजी तमिळ वळणाने नुसतं 'सार' म्हणत, मीही तेच म्हणायचो. घरी मराठी बोलणारे तिथे आम्ही दोघेच, म्हणून डबा एकत्र खायचो.

फळ्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. हात चालला पाहिजे, एवढंच. एकदा त्यांनी सगळा वर्ग बस स्टँडवर नेला आणि कंडक्टर बोलेल ते टिपायला सांगितलं. एका मुलीने त्याची शिवीसुद्धा टिपली आणि वर्गात लाजत लाजत वाचून दाखवली. सारांनी तिची वही पाहिली. "शिवी बरोबर आहे, बाळ. स्वराची खूण चुकली."

मग प्राचार्यांनी सभा बोलावली. शॉर्टहँडचा वर्ग ठेवायचा, की त्या खोलीत कंप्युटर लावायचे? मला माझ्या कॉमर्सच्या मुलांसाठी ती खोली हवी होती. मी म्हणालो, "आता फोनच ऐकून लिहितो. हे शिकण्यात मुलांचा वेळ वाया जातो."

सभेचा वृत्तांत नेहमीप्रमाणे सारच टिपत होते. शेवटी त्यांनी तो वाचून दाखवला. माझं वाक्य आलं तेव्हा त्यांचा आवाज जराही हलला नाही. प्राचार्यच अवघडले. "ते वाक्य गाळा, सार."

"बोललं ते लिहिलंच पाहिजे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "बरोबर टिपलं ना मी?"

मी मान हलवली.

वर्ग बंद झाला. शेवटच्या तासाला मजकूर सांगायला त्यांनी मलाच बोलावलं. सहा मुलं पेन धरून बसली होती. त्यांच्यासमोर माफी मागावी असं मनात होतं. मी वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचला. मध्येच अडखळलो, तेव्हा सार हळूच म्हणाले, "थांबू नका. पोरांचे हात थांबतात."

पुढे ते पापनाशमला मुलीकडे राहायला गेले. "एकदा येतो," मी दर फोनवर म्हणायचो. "सरी, बरं, या," ते म्हणायचे. बसने तासाभराचा रस्ता. मी गेलो तो त्यांच्या तेराव्याला.

केळीच्या पानावर भात वाढताना मुलगी म्हणाली, "अप्पा तुमचं नाव फार काढायचे. कॉलेजात तुमचाच आधार होता म्हणायचे."

तिने सांबार वाढलं, आणि मी जेवायला लागलो.