गुडघ्याखालची दोरी

हौसाला बूड टेकून बसणं म्हणून जमायचं नाही. पनवेलच्या खाडीकाठी मिठागरात खारं पाणी सोडण्याआधी तळाचा चिखल पायांनी तुडवून घट्ट करावा लागे. तुडवणाऱ्यांच्या रांगेत ही बाई पहिली, दिवसभर उभी.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिच्या पोटरीवर निळ्यातांबड्या बारीक शिरांचं जाळं उमटलं. संध्याकाळी पाय जड व्हायचे, एवढंच. पण हौसाला बाप आठवला. तो बांधावर साप चावून गेला होता. हेही विषच, वर चढतंय, असं तिनं डोक्यात घेतलं. गुडघ्यावर गेलं की खेळ खलास, मग लेकरांना कोण बघणार? साप चावल्यावर बांधतात तशी सुंभाची दोरी तिनं गुडघ्याखाली, लुगड्याआड करकचून आवळली.

सासरे काशिराम, त्यांच्याही गुडघ्याखाली काळा दोरा होता. तो दृष्टीचा, असं सगळे धरून चालत. आणि सासऱ्याच्या पायांकडे निरखून बघायची सुनेची रीत नव्हती.

पाय सुजला. जाळं आणखी दाटलं. भाकरी थापता थापता ती दहादा पोटरी बघायची. शेवटी बाजाराच्या दिवशी ती डॉक्टरच्या दवाखान्यात शिरली.

दोरी बघून डॉक्टर डाफरलेच. "अहो बाई, कसलं विष? दिवसभर उभं राहून आणि बाळंतपणांनी शिरा फुगल्यात. रक्त वर चढायचं, तर तुम्हीच वाट अडवलीत!"

त्यांनी दोरी कापली. "चालत राहा. बसलात की पाय उंचावर ठेवा. या शिरा सहज जाणार नाहीत, पण जीवही घेणार नाहीत."

घरी आली, पण पाय उंचावर ठेवायचे कसे? ओसरीवर सासरे! ती बसली, उठली, पुन्हा बसली.

"काय बोलला डाक्तर?" काशिरामनं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं धोतर वर सरकवलं. पोटरीभर तेच निळं जाळं.

"मी त कवापासून बांधून हाय," तो हळूच म्हणाला. "वाटलं, दोरा सोरला का मेलो."

इतकी वर्षं एका घरात, एकच भीती, आणि एकमेकांना पत्ता नाही. हौसा विळा घेऊन आली.

"पाय इकरं द्या, मामा."

दोरा तुटला. काशिरामनं डोळे गच्च मिटून घेतले होते. बऱ्याच वेळानं त्यानं एक डोळा उघडून बघितलं.