दुधीवरची तालीम

केमिस्टच्या दुकानात स्पिरिटचा वास आला, की लालबागच्या आमच्या खोलीतली एक संध्याकाळ आठवते. बायकोच्या सांधेदुखीवर दर आठवड्याला टोचायचं नवं इंजेक्शन सुरू होणार होतं. नर्ससमोर मला ते नीट देता आलं, तर पुढची इंजेक्शनं घरीच घेता येणार होती. नाहीतर सुजलेल्या गुडघ्यांनी तिला दर वेळी तीन जिने उतरून परळला जावं लागलं असतं. सरावासाठी मिळालेल्या सिरिंजमध्ये पाणी भरून मी मोसंबी पुढे ओढली, तर ही म्हणाली, “अहो, माझी कातडी एवढी जाड वाटते? दुधी घ्या.” जेवताना त्याच दुधीची भाजी वाढत म्हणाली, “जेवा, तुमचा पेशंट गेला.” दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी घाईघाईने सुईचं टोपण काढलं. “सावकाश हो, मी कुठे पळतेय?” म्हणत तिने पोटावरून पदर सारला आणि छताकडे पाहत राहिली. सुई नीट गेली. नर्स हसून म्हणाली, “काका पास!” “पास मी झाले,” ही म्हणाली, “जरासुद्धा हलले नाही.” ती गेल्यापासून तिच्या सोसण्याबद्दल सगळे बोलतात, मला मात्र वर्गात पहिली आल्यासारखा तिचा तो चेहरा आठवतो.