अर्धं सुकेळं

पार्सल बांधून झालं की नातालमावशी ते माझ्या नाकाखाली धरत आणि विचारत, "वास येतो काय? खरं सांग." मी श्वास ओढून घ्यायचा, थोडं थांबायचं आणि हो किंवा नाही सांगायचं. हो म्हटलं की पार्सल पुन्हा उघडलं जाई. नाही म्हटलं तरी त्यांचा एकदम विश्वास बसत नसे. डबा उलटा करून तळाकडून पुन्हा एकदा हुंगायला लावत. अख्ख्या भुईगावात या कामासाठी त्यांनी मला का निवडलं, हे त्यांनी पहिल्याच वेळी सांगून टाकलं होतं. "आमची नाकं कामाची नाय. जन्म मासळीत गेला. तुझं नाक शाकाहारी हाय, तुला लगेच कळंल."

माझ्या शाकाहाराचा कुणाला उपयोग झाला तो आयुष्यात तेवढाच.

गोखिवऱ्यातल्या काही छोट्या कारखान्यांचे हिशेब मी घरी बसून लिहितो. आधी एव्हरशाईन सिटीत राहत होतो. तिथे माझ्या बरोबर खालच्या गाळ्यात व्यायामशाळा उघडली, आणि लोखंड आदळण्याच्या आवाजात बेरजा चुकायला लागल्या, म्हणून भुईगावात मावशींच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मावशी तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. वाडी शेजारचा पुतण्या बघायचा, पण राजेळी केळी वाळवून सुकेळी करायचं काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. पिकलेली केळी सोलून उन्हात घालायची, ऊन उतरलं की गोळा करून झाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. शेवटी मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधायची. त्यांची घरातली बोली मला शेवटपर्यंत पुरती कळली नाही. माझ्याशी बोलताना त्या तिला शाळेचा गणवेश चढवत.

माझ्याकडे प्रिंटर आहे हे कळल्यावर त्या पहिल्यांदा माझ्या दारात आल्या. तोवर त्या पोस्टात जाऊन पार्सल करत. आता गुडघे ऐकत नव्हते. मी त्यांना सांगितलं की हल्ली घरूनच पाठवता येतं. फोनवर वजन आणि पत्ता घालायचा, पैसे आधीच भरायचे, पत्त्याचा कागद छापून डब्याला चिकटवायचा, मग माणूस दारात येऊन डबा घेऊन जातो.

"माल बघायच्या आधी पैसं घेतो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आनि वजन मनाच विचारतो?"

त्यांना तो सगळा व्यवहारच उलटा वाटला. पण एकदा मान्य केल्यावर त्यांनी त्यातून स्वतःचा नियम काढला. दोन किलोचे पैसे भरले असतील तर डबा दोन किलोलाच गेला पाहिजे. वाडीतली भाजी विकायची त्यांची जुनी तागडी होती. तिच्यावर डबा ठेवून त्या कमी पडलेलं वजन चिंचेच्या गोळ्याने नाहीतर मूठभर वालांनी भरून काढत. "पैसं भरलंय ना? मग हलकं कशाला जाऊ द्यायचं?" मी त्यांना सांगून पाहिलं की हलकं गेलं तर कुणाचं काही बिघडत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होत्या की कारखान्यांनी आपले हिशेब या माणसाकडे कसे दिले.

पार्सल जायचं ते त्यांच्या मुलीला. फ्लोरी त्यांची एकुलती एक. नर्सिंग शिकली आणि मग व्रतं घेऊन धर्मसंघात सिस्टर झाली. मेघालयात एका डोंगरावर त्यांच्या संघाचं कॉन्व्हेंट होतं, खाली दवाखाना होता. तिथे ती अनेक वर्षं होती. काही वर्षांतून एकदा घरी यायची. सिस्टर लोकांचं दारिद्र्याचं व्रत असतं. त्यांच्या नावाने आलेली वस्तू त्यांची स्वतःची नसते. ती आधी सुपिरियरकडे, म्हणजे मोठ्या सिस्टरकडे जाते आणि मग सगळ्यांची होते. मावशींना हे अर्थातच माहीत होतं. माहीत असणं आणि गळी उतरणं यात मात्र बरंच अंतर होतं.

रविवारी सिस्टर फ्लोरींचा फोन यायचा. मावशींना कमी ऐकू येई, म्हणून फोन स्पीकरवर असे आणि मला मागच्या खोलीत सगळं ऐकू येई.

"आई, सुकेळी पोचली. सगळ्यांना खूप आवडली."

"तू किती खाल्ली?"

"अर्धं सुकेळं आलं प्रत्येकीला."

मावशींनी पुढच्या वेळी दुप्पट पाठवली. त्यातली निम्मी दवाखान्यातल्या पोरांना गेली आणि फ्लोरींच्या वाट्याला पुन्हा अर्धंच आलं. मावशी फोन ठेवून माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. रडणाऱ्यांपैकी त्या नव्हत्याच. रागावल्या होत्या. "मी देवाला पोरगी दिली," त्या म्हणाल्या. "सुकेळी नाय दिली."

त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला. आपल्या हातची एक तरी गोष्ट आपल्या पोरीने एकटीने, कुणाला न देता, पोटभर खावी. व्रत तर मोडायचं नव्हतं. मग उपाय एकच होता, की दुसऱ्या कुणाला खाववणारच नाही अशी गोष्ट पाठवायची. विचार करून त्यांनी सुक्या बोंबलाची चटणी ठरवली.

"तिथं डोंगरात समुद्र नाय," त्यांनी मला समजावलं. "त्या पोरींनी सुका बोंबील जन्मात बघितला नसंल. वासानंच पळतील. फ्लोरी एकटी खाईल."

मला हे शंभर टक्के पटलं. माझ्या मते तर फ्लोरीही पळाल्या असत्या.

पहिला डबा न्यायला आलेल्या कुरिअरच्या माणसाने तो हातात घेतला, नाक मुरडलं आणि परत ओट्यावर ठेवला. तिथून माझ्या नाकाची नेमणूक झाली. मावशींनी स्टीलचा डबा घेतला, झाकणाच्या फटीत मेणबत्तीचं मेण ओतलं, त्यावर प्लास्टिक, त्यावर जुनी उशीची खोळ आणि तिच्यावर खोका. पत्त्याच्या कागदावर आत काय आहे असं लिहायचा एक रकाना होता. मी म्हटलं, कपडे लिहू का?

"खोटं नको लिहू. शनिवारी मना फादरकडं कुमसार हाय. तिथं तुझी पापं मी कशाला सांगत बसू?"

शेवटी आम्ही 'सुका खाऊ' असं लिहिलं. ते खरंच होतं.

डबा गेला. पुढच्या दोन रविवारी मावशी फोनची वाट बघत नुसत्या बसून होत्या, हातात विणकाम नाही, वालाच्या शेंगा नाहीत. मग फोन आला आणि पलीकडून फ्लोरी हसतच सुटल्या. त्या डोंगरातल्या घरांत सुकी मासळी मिरचीबरोबर कुटून रोजच्या भाताशी खातात. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टर द्रोसिला तिथल्याच. त्यांनी मेण फोडून झाकण उघडलं आणि वास येताच सगळ्यांना हाका मारल्या. डबा दोन जेवणांत संपला.

"तू खाल्ली ना?"

"चव घेतली ना, आई. मस्त होती. द्रोसिला म्हणते फक्त तिखट थोडं कमी पडलं."

डबा संपल्याचं दुःख मावशींनी गिळलं असतं. पण तिखट कमी पडलं हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. आठवडाभर त्या विहिरीवर, ओट्यावर, कोंबड्यांना हाकलताना स्वतःशीच बोलत होत्या. "तिखट कमी! नातालच्या हाताला तिखट कमी!" पुढच्या डब्यात त्यांनी मिरच्या दुप्पट घातल्या. चटणी कुटताना आमच्या आळीत चार घरं शिंकत होती. मला एक गोष्ट दिसत होती, ती त्यांना मात्र दिसली नाही. आता ती चटणी कुणाला पळवून लावण्यासाठी होत नव्हती.

या वेळी सिस्टर द्रोसिलांनी स्वतः फोन केला. त्यांना मराठी येत नव्हती आणि मावशींना हिंदी भाजी विकण्यापुरती येई. "मदर, फिश बहुत अच्छा," द्रोसिला म्हणाल्या. मावशींनी विचारलं, "तिखट? तिखट लागला का?" तिकडून पुन्हा उत्तर आलं, "बहुत अच्छा!" मग द्रोसिला त्यांच्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगत राहिल्या, मावशी आपल्या बोलीत बोंबील कसा निवडायचा ते सांगत राहिल्या, आणि दोघींना एकमेकींचं सगळं समजल्यासारखा तो फोन बराच वेळ चालला. ठेवल्यावर मावशी मला म्हणाल्या, "चांगली बाई हाय. पन हावरी हाय." हे त्यांनी इतक्या कौतुकाने म्हटलं की मी मान वर करून बघितलं.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग फ्लोरींची बदली झाली. मध्य प्रदेशातल्या एका गावात त्यांच्या संघाचं छोटं घर होतं. तिथे फ्लोरी आणि एक वयस्कर सिस्टर, दोघीच. त्या वयस्कर सिस्टरना पथ्य होतं, मासळी चालत नव्हती, गोडही चालत नव्हतं. मी मनातल्या मनात म्हटलं, मावशी जिंकल्या. इतकी वर्षं जे साधलं नाही ते बदलीच्या एका कागदाने करून टाकलं होतं. आता डबा उघडणारी आणि खाणारी फ्लोरीच.

त्याच सुमारास मावशी तापाने पडल्या. उठल्या तेव्हा हातांत जोर नव्हता. त्या हंगामात सुकेळी जेमतेम एक टोपली झाली, तीही घरापुरती, आणि चटणी एका डब्याची. मेण या वेळी मी ओतलं. नाकाची परीक्षा झाली. मी फोन काढला आणि फ्लोरींचा नवा पत्ता घालायला लागलो.

"थांब," त्या म्हणाल्या.

मी फोन खाली ठेवला.

"द्रोसिलाचा फोन आलेला. 'मदर, फिश नहीं आया' म्हनाली."

"मावशी, डबा एकच आहे. आणि तिथे खाणाऱ्या फ्लोरी एकट्याच आहेत. तुम्हाला हेच तर पाहिजे होतं."

त्यांनी डबा स्वतःकडे ओढून घेतला. त्यांना काय वाटत होतं ते तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि मला त्या क्षणी त्यांची फार दया आली. मग म्हणाल्या, "ती तोंड उघडून मागते रे. फ्लोरीनं जन्मात काय मागितलं नाय. मागितलं असतं तर तिलाच दिला असता." आणि मग, जरा चिडून, "जुनाच पत्ता घाल. फ्लोरीला पुढच्या खेपेला."

मी जुना पत्ता घातला आणि पैसे भरले. त्यांनी खोका तागडीवर ठेवला, त्याचं झाकण उचलून एक चिंचेचा गोळा आत सरकवला आणि वजन पुरं केलं.

पुढची खेप झाली नाही. पावसाच्या आधी मावशी झोपेतच गेल्या. पुतण्याने फोन केले. सिस्टर फ्लोरी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचल्या, त्यांच्यासाठी दफनविधी थांबवून ठेवला होता. चर्चमागच्या दफनभूमीत माती देताना त्या सरळ उभ्या होत्या, प्रार्थना मोठ्याने म्हणत होत्या. रडणाऱ्या बायकांच्या पाठीवरून त्याच हात फिरवत होत्या. आईसारख्या दिसत नव्हत्या, पण उभं राहण्याची तऱ्हा तीच होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्या खोलीच्या दारात आल्या. उजाडल्यावर त्यांना निघायचं होतं. पार्सलांबद्दल त्यांनी माझे आभार मानले. शेवटचा डबाही डोंगरावर पोचल्याचं सांगितलं. "द्रोसिलाने फोन करून सांगितलं, तिखट आता बरोबर झालंय. ऐकायला आई हवी होती," त्या म्हणाल्या आणि हसल्या. तो डबा आपल्याकडे का आला नाही, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्यांच्या हातात केळीच्या सुक्या पानाची एक छोटी गुंडाळी होती. "स्वयंपाकघरातल्या डब्यात होतं. एकच उरलंय."

दोरा सोडून त्यांनी पान उलगडलं. सुकेळं हातात घेतलं, आणि बोलता बोलता, त्याकडे न बघता, मधोमध मोडलं. अर्धं माझ्यासमोर धरलं.

मी म्हटलं, "मी खाल्लीत. मावशींनी मला पुष्कळ दिली होती. पोट भरलंय माझं."

त्या टोपलीतलं एकही मला मिळालेलं नव्हतं. तापातून उठल्यापासून मावशी कुणाला सुकेळी देत नव्हत्या.

फ्लोरींनी माझ्याकडे निरखून बघितलं. "खरं सांगा."

"खरंच," मी म्हटलं.

त्यांचा हात तसाच पुढे राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला. एक अर्धं खाल्लं. दुसरं थोडा वेळ तळहातावर धरून ठेवलं, आणि मग तेही खाल्लं, दारातच उभं राहून, सावकाश.