उशिरा ऐकणारं फाटक

इकडे हिंदी मुलखात नोकरीवर जाताना सीतापुऱ्यात मी बस बदलतो, तिथे समोरच एका कारखान्याचं रुळावर सरकणारं अवाढव्य लोखंडी फाटक आहे. नऊचा भोंगा झाला की ते बंद करायला घ्यायचं आणि मध्ये थांबवायचं नाही, असा तिथला नियम. बंद करणारा चौकीदार मात्र साठीचा, काडीसारखा. एकदा मी सातारी ऐट दाखवत दोन धक्के मारले, पण फाटक ढिम्म! मग तो नुसता पाठ टेकून रेटत राहिला. फाटक आधी मुंगीच्या चालीनं निघालं, मग चांगलं धावायला लागलं. शेवटी पुढे जाऊन, उलट बाजूनं पाठ लावून त्यानं त्याचा वेग मोडला आणि ते अलगद खांबाला टेकवलं.

काल त्यानं निम्म्यातच पुढून पाठ लावली. फाटक मंदावत गेलं. तेवढ्यात चाकसूची बस आली आणि एक बाई डबा छातीशी धरून उरलेल्या फटीतून आत शिरली.

“वो आती दिखी कहाँ से, बाबा?” मी विचारलं.

“दिखी नहीं, साहब. रोज की बस से उतरी नहीं थी. लोहा देर से सुनता है, पहले से कहना पड़ता है.”

माझी बस निघून गेली, तरी मी बघतच उभा. फाटक क्षणभरही थांबलं नव्हतं. फक्त एका बाईपुरतं हळू झालं होतं.